सिक्वेल बिघडतो तेव्हा दिग्दर्शक कुठे असतो?

प्रश्न असा आलाय: "पहिल्या भागाचा दिग्दर्शक गेला की सिक्वेल पडतो, असं सगळे म्हणतात. पण दिग्दर्शक बदलूनही काही दुसरे भाग पहिल्याच्या तोडीचे झाले आणि तोच दिग्दर्शक असूनही काही साफ आपटले. मग दिग्दर्शकाचा प्रभाव नेमका असतो तरी किती? आणि घोषणा झालेल्या सिक्वेलबद्दल आधीच काही अंदाज बांधता येतो का?"

आधीच सांगतो, मी दिग्दर्शक नाही. संकलक आहे. बावीस वर्षं एडिटिंगच्या खुर्चीत गेली, बहुतेक काम मराठी, थोडं हिंदी. त्यात तीन वेळा 'भाग दोन' वाट्याला आला. एक बरा झाला, एक चालला पण बरा नव्हता, आणि एक आम्ही सगळेच विसरायचा प्रयत्न करतोय. तेव्हा माझं उत्तर एडिटिंगच्या टेबलावरून दिसतं तेवढंच आहे, हे धरून वाचा. पण टेबलावरून बरंच दिसतं. शूटिंगच्या वेळी काय काय ठरलं होतं ते मला कोणी सांगत नाही, पण काय ठरलंच नव्हतं ते रशेस, म्हणजे शूट झालेलं कच्चं चित्रण, लावल्यावर पहिल्या दुपारी कळतं.

तुमच्या प्रश्नात 'तोच दिग्दर्शक' आणि 'दुसरा दिग्दर्शक' असे दोन खण आहेत. माझ्या अनुभवात हे खण फारसे कामाचे नाहीत. मी वेगळं विचारतो: हा माणूस आला तेव्हा किती गोष्टी ठरायच्या बाकी होत्या? नव्या सिनेमात दिग्दर्शकापुढे बहुतेक सगळंच मोकळं असतं. सिक्वेलमध्ये नट ठरलेले, नाव ठरलेलं, हिरोची एन्ट्री कशी हवी ते ठरलेलं, गाजलेली धून ठरलेली, कधी कधी प्रदर्शनाची तारीखसुद्धा पोस्टरवर छापून झालेली. एवढं सगळं वजा जाऊन जे उरतं, तेवढाच त्याचा प्रभाव. मग तो पहिल्या भागाचा असो की नवा.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हॉलिवूडची 'एलियन' मालिका. पहिले चार सिनेमे, चार वेगळे दिग्दर्शक. १९७९चा पहिला रिडली स्कॉटचा: एक जहाज, सात माणसं, एक प्राणी, आणि भीती अशी की प्राणी जितका कमी दिसेल तितकी जास्त. १९८६मध्ये दुसऱ्या भागाला, 'एलियन्स'ला, जेम्स कॅमेरॉन आला. सगळे म्हणतात त्या नियमाप्रमाणे हा सिनेमा पडायला हवा होता. पण कॅमेरॉनने पटकथा स्वतः लिहिली होती, आणि लिहितानाच त्याने स्कॉटच्या खेळात न उतरण्याचं ठरवलं होतं. सिनेमा भयपटाचा युद्धपट झाला. पिनवुड स्टुडिओत शूटिंग होतं, युनिट ब्रिटिश होतं, स्कॉटला मानणारं होतं, आणि हा कोण पोरगा, असा सूर होता. प्रकाशयोजनेवरून वाजलं तेव्हा छायाचित्रणकार बदलला, दिग्दर्शक बदलला नाही. हे वाक्य हवं तर दोनदा वाचा. सिक्वेलवर दिग्दर्शकाची पकड आहे की नाही, हे अशा वेळी समजतं.

त्याच सिनेमातला एक तपशील मी सहायकांना नेहमी सांगतो. नायिका रिप्ली सत्तावन्न वर्षांच्या झोपेतून जागी होते तेव्हा तिला कळतं की मधल्या काळात तिची मुलगी म्हातारी होऊन वारली. हा प्रसंग चित्रित झाला होता, पण थिएटरमध्ये गेलेल्या १३७ मिनिटांच्या आवृत्तीत नाही. नंतर निघालेल्या १५४ मिनिटांच्या आवृत्तीत तो परत घातला. गंमत बघा, प्रसंग काढूनही सिनेमा लंगडला नाही. कारण 'आई' ही एकच कल्पना धरून सगळं रचलेलं होतं: रिप्ली आणि ती लहान न्यूट, आणि समोर अंडी घालणारी राणी. शेवटची झुंज दोन आयांची आहे. पाया पक्का असेल तर आम्ही एखादा खांब काढू शकतो. पाया नसेल तर आम्हीच खांब लावत बसतो, आणि ते काम टेबलावर होत नाही.

आता तिसरा भाग, १९९२. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर. हा त्याचा पहिलाच सिनेमा. त्याआधी जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओ. तो येण्याआधी एक दिग्दर्शक लाकडी ग्रहावरच्या मठवाशांची गोष्ट घेऊन काम करून निघून गेला होता, त्या कल्पनेचे सेट उभे राहू लागले होते, आणि तेच सामान आता कैद्यांच्या ग्रहासाठी वापरायचं होतं. पूर्ण पटकथेशिवाय शूटिंग सुरू झालं. प्रदर्शनाआधी आलेल्या टीझरमध्ये गोष्ट पृथ्वीवर घडणार असं सुचवलं होतं! म्हणजे जाहिरात एका सिनेमाची, सेट दुसऱ्याचे, आणि कॅमेऱ्यासमोर तिसराच. फिंचर संकलन पूर्ण होण्याआधी बाजूला झाला आणि पुढे त्याने हा सिनेमा आपला मानला नाही. २००३मध्ये संकलनाच्या आधीच्या कच्च्या जुळणीवर आधारलेली लांब आवृत्ती निघाली, तीसुद्धा त्याच्या सहभागाशिवाय. हाच माणूस १९९५मध्ये 'सेव्हन' करतो. तीन वर्षांत त्याची अक्कल दुप्पट झाली असं मला वाटत नाही. हातात काय होतं ते बदललं.

कॅमेरॉनचीही अशीच एक बाजू आहे जी लोक विसरतात. त्याच्या नावावरचा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा हाही एक सिक्वेलच होता, उडणाऱ्या पिरान्हा माशांचा. सुरुवातीच्या दिवसांतच सूत्रं निर्मात्याकडे गेली आणि संकलनात त्याला जागा राहिली नाही. तो सिनेमा आज कोणी त्याच्या नावाने पाहत नाही. म्हणजे एकाच माणसाने केलेले दोन सिक्वेल, एक उडत्या माशांचा आणि एक 'एलियन्स'. त्याच्या 'प्रतिभेवर' बोलण्याआधी हे दोन शेजारी ठेवावेत.

तोच दिग्दर्शक असूनही सिनेमा का आपटतो, याकडे येतो. १९९४चा 'स्पीड' यान द बॉन्टचा. बसचा वेग ताशी पन्नास मैलांच्या खाली आला की स्फोट. एका ओळीत घड्याळ चालू होतं. १९९७मध्ये त्याच दिग्दर्शकाने दुसरा भाग केला, बसऐवजी प्रवासी जहाज घेऊन. जहाज! आमच्या गोरेगावच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा त्यापेक्षा जास्त थरार आहे. नायक कियानू रीव्ह्जने नकार दिला होता, हे खरं, पण गाडं मला वाटतं आधीच अडलं होतं. 'आता कशाला वेग द्यायचा' एवढाच प्रश्न विचारला गेला. वेगाची भीती कशातून येते, हा नाही.

माझा स्वतःचा किस्सा सांगतो. नावं नाही सांगत. विनोदी सिनेमाचा दुसरा भाग, दिग्दर्शक तोच, माझा जुना मित्र, आणि कामात हुशार. लाइन-अप, म्हणजे शॉट नुसते क्रमाने लावलेले, बघताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. नायकाच्या प्रत्येक ठरावीक वाक्यानंतर शॉट तीन-चार सेकंद जास्त धरलेला होता. टेकमध्येच नट थांबत होता, समोरचाही थांबत होता. मी विचारलं, "हे का?" तो म्हणाला, "अरे, इथे लाफ्टर येणार, पुढचा डायलॉग बुडेल." पहिल्या भागात थिएटरमध्ये जो हशा आला होता, त्याची जागा त्याने शूटिंगलाच राखून ठेवली होती. मी जागा कापायला बसलो की तो म्हणायचा, "राहू दे, पब्लिकला माहितेय." पहिल्या खासगी खेळाला चाळीसेक लोक होते. पहिली रिकामी जागा आली, शांतता. दुसरी आली, कोणीतरी खोकलं. तिसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी पडद्याकडे. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या सगळ्या जागा मिळून सहा मिनिटं काढली, पण अभिनयातलं थांबणं कापून निघत नाही. नट वाट पाहतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतंच.

परत आलेल्या दिग्दर्शकाचा खरा धोका हा असतो. आपल्या आधीच्या यशाचा तो पहिला चाहता असतो. नव्याला निदान त्या वाक्यांची लाज किंवा भीती तरी वाटते.

पण यातून बाहेर पडता येतं, आणि ते राजकुमार हिरानींनी करून दाखवलं. 'मुन्नाभाई एमबीबीएस' २००३चा, 'लगे रहो मुन्नाभाई' २००६चा. पहिल्यातली 'जादू की झप्पी' घराघरांत गेली होती. दुसऱ्या भागाचा कणा तिच्यावर उभा करणं सगळ्यात सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. मुन्ना आणि सर्किट ठेवले. पहिल्यातली नायिका, लग्न, हॉस्पिटल सगळं सोडून दिलं आणि त्याचा खुलासाही केला नाही. बोमन इराणी तर चक्क दुसऱ्याच भूमिकेत आले. कंटिन्युइटीच्या, म्हणजे दोन भागांतल्या सलगतेच्या, दृष्टीने हे बेकायदेशीर आहे म्हणा. पण प्रेक्षकाने हूं की चूं केलं नाही, कारण नवी गोष्ट लगेच पकड घेते: वाचनालयात रात्रंदिवस पुस्तकं वाचून मुन्नाला गांधीजी दिसायला लागतात. ते गांधीजी आपले दिलीप प्रभावळकर. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारात 'शेवरी' या मराठी सिनेमातल्या कामाबरोबर या कामाचीही दखल घेतली गेली. हिरानी पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत संकलन शिकले आणि 'लगे रहो'चं संकलन त्यांनीच केलं, हे मी संकलक म्हणून थोड्या अभिमानाने सांगतोय. टाकून द्यायची सवय तिथून येते, असं माझं मत.

दिग्दर्शक बदलल्याचं आपल्या जवळचं उदाहरण 'दृश्यम'. मूळ मल्याळम सिनेमा २०१३चा, जीतू जोसेफ यांचा. हिंदी २०१५मध्ये निशिकांत कामत यांनी केला, 'डोंबिवली फास्ट'वाले. त्यांनी गोष्ट गोव्यात आणली, मूळचा केबलवाला नायक इथे विजय साळगावकर झाला, आणि 'दोन ऑक्टोबर'चा सत्संग नि पावभाजी आजही विनोदात चालतात. ऑगस्ट २०२०मध्ये कामत गेले. २०२१मध्ये जीतू जोसेफ यांनी मल्याळम दुसरा भाग आणला आणि २०२२मध्ये त्याचा हिंदी अवतार अभिषेक पाठक यांनी केला. इथे माझा हिशोब असा: दुसऱ्या भागाची सगळ्यात मोठी निवड जीतू जोसेफ यांनी लिहितानाच करून ठेवली होती. 'पकडला जाईल का' हे तर आहेच, पण आधी दाखवलं ते इतक्या वर्षांनी त्या घरात काय झालंय: मुलीला येणारे झटके, दारावर थाप पडली की थांबणारे हात, गावातली कुजबुज. पहिला तास मुद्दाम संथ आहे. हिंदीच्या नव्या दिग्दर्शकाला हा कणा तयार मिळाला आणि त्याने तो मोडला नाही. कामतांच्या भागातला दमट, साधा, शेजारच्या घरासारखा गोवा मात्र मला दुसऱ्यात कमी जाणवला. तिथे सगळं थोडं जास्त चकचकीत आहे. ही माझी आवड झाली. सिनेमा उभा राहिला तो लेखनावर, आणि पोत बदलला तो दिग्दर्शकामुळे.

'हेरा फेरी'बद्दलही कोणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. २०००चा पहिला भाग प्रियदर्शन यांचा, संवाद नीरज व्होरांचे. २००६चा दुसरा भाग व्होरांनीच दिग्दर्शित केला. त्यामुळे बाबूराव गणपतराव आपटेची जीभ तशीच राहिली, किंबहुना जास्तच सुटली. गेली ती मधली शांतता. पहिल्यात तीन माणसांच्या खिशात खरोखर पैसे नव्हते, आणि विनोद त्या चणचणीतून येत होता. दुसऱ्यात पळापळ आहे. मीम्स बघून वाढलेल्या पोरांना दुसराच जास्त आवडतो, आणि त्यांच्याशी मी भांडत नाही.

मराठीत सतीश राजवाडे यांचं 'मुंबई-पुणे-मुंबई' अभ्यासायला चांगलं आहे. २०१०च्या पहिल्या भागात दोन माणसं, एक दिवस आणि पुणं. एवढंच. याचा दुसरा भाग म्हणजे तीच दोघं मुंबईत एक दिवस फिरतात, हे कोणीही सुचवलं असतं. २०१५मध्ये त्यांनी दोन्ही घरं आणली, लग्न ठरवलं आणि मुलीच्या मनातली धाकधूक मध्यभागी ठेवली. दोघांच्याच गप्पांची मजा गेली, हे खरं, मला तीच जास्त प्रिय होती. पण दुसऱ्याला स्वतःचं काहीतरी म्हणायचं होतं, म्हणून तो उभा राहिला.

आणि एक गोष्ट दिग्दर्शकाच्या हाताबाहेरची. 'झपाटलेला' १९९३चा, दुसरा भाग २०१३चा, थ्रीडी. दिग्दर्शक महेश कोठारेच, बाहुला तात्या विंचूच. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्ये गेले होते. गोष्ट पुढच्या पिढीकडे नेली, आदिनाथ कोठारे लक्ष्याचा मुलगा झाला. बाहुल्याची भीती पहिल्यात लक्ष्याच्या घाबरण्यातून यायची. बाहुला आणता येतो, ते घाबरणं कुठून आणणार? याचा दोष दिग्दर्शकाला देणारी परीक्षणं वाचली की मला राग येतो.

आता काही अपवाद, कारण सगळ्यांना एकच माप लावलं तर चूक होईल. 'बाहुबली'चे दोन भाग (२०१५ आणि २०१७) म्हणजे एकच गोष्ट मध्ये कापलेली. तिथे दिग्दर्शक बदलण्याचा प्रश्नच नव्हता आणि त्यावरून सिक्वेलबद्दल काही सिद्धही होत नाही. दुसरं, 'दर्जा' म्हणजे कोणाचा? सत्यजित राय यांचा 'अपराजितो' १९५६मध्ये आला तेव्हा आईपासून दूर जाणारा मुलगा बंगाली प्रेक्षकांना रुचला नाही, तिकीटबारीवर तो चालला नाही. पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. पहिल्या आठवड्याच्या गल्ल्यावरून तुम्ही यादी केली असती, तर तो 'पडलेल्या सिक्वेल'मध्ये बसला असता. आणि तिसरं, निर्माता हा दर वेळी खलनायक नसतो. माझ्या त्या बऱ्या झालेल्या कामात निर्मात्यानेच दिग्दर्शकाला सांगितलं होतं, "पहिल्यासारखा नको, तो आहेच की."

अंदाज कसा बांधायचा? मी घोषणेत दोन गोष्टी बघतो. तारीख आधी आली की लेखकाचं नाव आधी आलं. आणि दिग्दर्शकाचं नाव लेखनात कुठे आहे का, किंवा निदान तो लेखन चालू असताना आला होता का. या दोन्हींवरून दहापैकी सहा-सात वेळा माझा अंदाज बरोबर येतो, उरलेल्या वेळी तोंडावर पडतो. टीझरमध्ये जुनी धून आणि जुनं वाक्य असणं याला मी महत्त्व देत नाही. ते मार्केटिंगवाले करतात, दिग्दर्शकाला अनेकदा विचारतही नाहीत. सिनेमा बघताना मात्र पहिली वीस मिनिटं मोजा. त्यात किती वेळ जुन्या ओळखी काढण्यात जातो आणि नवी अडचण कितव्या मिनिटाला उभी राहते. मुन्नाच्या गोष्टीत हे मोजून बघा, मग 'स्पीड'च्या दुसऱ्या भागात.

धुनेवरून आठवलं. त्या बऱ्या झालेल्या कामात दिग्दर्शिका नवी होती, पहिल्या भागाशी तिचा संबंध नव्हता. फर्स्ट कटला आम्ही सवयीने टेम्प म्युझिक लावतो, म्हणजे खरं संगीत येईपर्यंत तात्पुरतं दुसरं कुठलं तरी. मी साहजिकच पहिल्या भागाचं लावलं होतं. ताल जुळत होता, प्रसंग चढत होते, माझ्या सहायकाच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. तिने पूर्ण सिनेमा शांतपणे पाहिला. मग म्हणाली, "दादा, हे सगळं म्यूट करून परत लावा." म्यूट करून लावलं तर निम्मे प्रसंग निर्जीव. तिने वहीत त्यांचे आकडे लिहून घेतले, एकूण अकरा, आणि निर्मात्याकडे चार दिवसांचं पॅचवर्क, म्हणजे त्या प्रसंगांसाठी पुन्हा शूटिंग, मागितलं. तीन मिळाले. निघताना तिने माझ्या सहायकाला ते जुन्या संगीताचं फोल्डर मशीनवरून काढून टाकायला लावलं, आणि तो काढेपर्यंत पर्स खांद्याला लावून दारात उभी राहिली.